टॉवेलाखाली ठरलेला पूल

सोलापूरच्या जनावरांच्या बाजारात माझं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं. मी शेळ्या-मेंढ्यांची दलाली करतो. आमच्या सीमेकडच्या गावांत अशा माणसाला हेडी म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना तोंड जरा वाकडं करतात. मला त्याचं काही वाटत नाही. सातवीत शाळा सुटली तेव्हा वडिलांकडे थोडी मेंढरं होती आणि ओढ्याकाठी खडकाळ जमीन होती. आज शहरात माझं घर आहे, दारात पिकअप उभी आहे. हे सगळं या उजव्या हाताच्या बोटांनी मिळवलं, आणि हे मी शब्दशः सांगतो आहे. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. समोरच्याचा हात टॉवेलाखाली घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती पन्नास माणसं असली तरी आकडा दोघांच्याच पोटात राहतो. वर तोंडाने काहीही चाललेलं असतं. मी म्हणतो, "तुझी शेळी खोकतीय," तो म्हणतो, "तूच खोकतोयस," आणि खाली बोटं आपलं काम करत असतात. शेवटच्या आकड्यावर हात दाबला की सौदा झाला. मग कागद लागत नाही की साक्षीदार लागत नाही. दाबलेला हात माघारी घेणाऱ्याशी बाजारात पुन्हा कोणी टॉवेल धरत नाही.

या धंद्यात मी आणखी एक गोष्ट शिकलो, ती म्हणजे उठणं. सौदा अडला की टॉवेल झटकायचा, खांद्यावर टाकायचा आणि चालायला लागायचं. मागून हाक येते. हाक यावी म्हणूनच उठायचं असतं, पण पाय असे पडले पाहिजेत की हाक आली नाही तरी तुमचं काही अडत नाही. कच्चा माणूस चार पावलं जातो आणि मान वळवून बघतो. मान वळली की भाव पडला.

हे आधी सांगितलं, कारण तीन-चार वर्षांपूर्वी आमचं गाव महाराष्ट्रातून उठलं होतं, आणि ती कल्पना माझी होती.

आमचं गाव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. गावाच्या उत्तरेला ओढा, ओढ्यापलीकडे सोलापूरचा रस्ता. दक्षिणेला शेतं संपली की कर्नाटक. घरात दोन भाषा. आई कानडी मुलखातली, त्यामुळे ती रागावली की कानडीत रागवायची, वडील मराठीत समजूत घालायचे. माझी थोरली बहीण, अक्का, मला अजून तम्मा म्हणते. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. ती गावातच दिली, ओढ्याच्या काठाला जी खालची गल्ली आहे तिथे. सीमा म्हणजे काय हे आम्हाला लहानपणी फारसं माहीत नव्हतं. मेंढरांना तर आजही माहीत नाही.

ओढ्यावर जुनी दगडी फरशी होती. खाली सिमेंटचे पाइप आणि वर गाडी जाईल एवढी वाट. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहायचं आणि गावाचा जिल्ह्याशी संबंध तुटायचा. कधी दोन दिवस, कधी चार. पूल मागून मागून दोन पिढ्या थकल्या होत्या. एकदा मोजणीवाले येऊन काठाकाठाने चुन्याच्या खुणा करून गेले. पाच गाळ्यांचा, म्हणजे खाली पाणी जायला पाच मोकळी दारं असलेला उंच पूल होणार, असं त्यांनी सांगितलं. चुना पुढच्या पावसात धुऊन गेला. मात्र पाच गाळे हा शब्द गावात राहिला. लहान पोरंसुद्धा म्हणायची, पाच गाळ्यांचा पूल.

माझे वडील सोलापुरात दवाखान्यात वारले. दोन दिवस पाऊस लागून होता. आम्ही त्यांना घेऊन निघालो तेव्हा फरशीवर दोन पुरुष पाणी होतं. अलीकडच्या काठावर आम्ही गाडीत, पलीकडच्या काठावर सगळं गाव, मधे ओढा. माणसं दिसत होती, रडणं ऐकू येत होतं, पण जाता येत नव्हतं. पाणी उतरायचं चिन्ह दिसेना. शेवटी गाडीच्या ड्रायव्हरनेच सुचवलं. आम्ही मागे फिरलो, हमरस्त्याने कर्नाटकात शिरलो, तिथल्या मोठ्या पुलावरून वळसा घातला आणि दक्षिणेच्या बाजूने गावात आलो. पलीकडचा रस्ता इतका सपाट होता की वडिलांच्या अंगावरची चादरसुद्धा हलली नाही. आमच्या हद्दीत गाडी आली आणि पहिल्याच खड्ड्यात त्यांचं डोकं बाजूला कललं. मी हाताने धरून ठेवलं, घरापर्यंत.

पुढे मी पुलाचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. त्यात वडिलांची हकीकत लिहिली होती. टेबलावरच्या माणसाने अर्ज वाचला आणि म्हणाला, "अहो, पाणी ओसरेपर्यंत थांबायचं की." मी त्याचं टेबल उलटं केलं नाही, एवढंच. आवाज मात्र इतका चढला की शिपायाने दंडाला धरून मला बाहेर काढलं. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

त्या वर्षी सीमेचा वाद पुन्हा निघाला होता. दोन्हीकडचे पुढारी बोलत होते, एसटीच्या फेऱ्या बंद पडत होत्या, टीव्हीवर नकाशे दिसत होते. सरहद्दीवरच्या काही गावांनी आम्हाला पलीकडे जाऊ द्या म्हटल्याच्या बातम्या होत्या. मी बाजारात चहा पीत ती बातमी बघत होतो. बाकीच्यांना त्यात बंड दिसत होतं. मला त्यात टॉवेल झटकणारा माणूस दिसला.

त्याच आठवड्यात गावी जाऊन मी सरपंचांना भेटलो. सरपंच बाई होत्या, शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांना म्हटलं, "वैनी, अर्ज करणाराला सरकार बसवून ठेवतं. उठणाराला हाक मारतं. आपण उठू."

"आणि हाक न्हाय आली तर?"

"येतीया. माझा धंदाच हाय त्यो."

शाळेच्या पटांगणात लिंबाखाली ग्रामसभा भरली. एवढी माणसं मी तिथे फक्त निवडणुकीत पाहिली होती. बायका शाळेच्या पायऱ्यांवर, पुरुष सतरंजीवर, आणि ज्यांना मत सांगायचं नव्हतं पण ऐकायचं होतं ते कुंपणावर. पहिला उठला तो ट्रॅक्टरवाला तरुण. त्याचा ट्रॅक्टर दोन्ही राज्यांत भाड्याने जातो.

"पलीकडचं डांबर बघा की, आरशावानी हाय," तो म्हणाला. "रातच्याला डोळं मिटून गाडी चालवली तरी कळतंय महाराष्ट्र कुटं आला ते. पाठीचा मणकाच सांगतोय."

लोक हसले. मग एक म्हातारे मेंढपाळ काठी टेकून उभे राहिले. त्यांच्या घरात मराठीचा शब्द नसतो. मला वाटलं, हे म्हणणार, चला. ते म्हणाले, "माझी आई कानडी, बायको कानडी. मेंढरं हाकतो ती बी कानडीत. पर लेक सोलापुरात दिली, दवाखाना सोलापुरात, जमिनीचा दावा सोलापूरच्या कोर्टात. त्यो दावा काय माझ्यासंगं पलीकडं येतोय व्हय? बेडा." नको म्हणायला त्यांना कानडीच शब्द सापडला.

त्यांच्या शेजारी बसलेल्या एकाच्या घरात कानडी कोणाला येत नाही. तो लगेच म्हणाला, "मला जायचंय. मराठीचा मला अभिमान हाय, पर अभिमानावर पाय ठिवून ओढा वलांडता येत न्हाय."

"तुला पलीकडची पाटी तरी वाचता यील का रं?" कुंपणावरून कोणीतरी विचारलं.

"हितली वाचता येती, म्हणून कुटं पोचलो?"

असं तासभर चाललं. ज्याच्याबद्दल जी खात्री होती तो बरोबर उलटं बोलत होता. मग गावचे निवृत्त गुरुजी उठले. त्यांनी निम्म्या गावाला छड्या मारलेल्या, त्यामुळे आपोआप शांतता झाली.

"एक गोष्ट समजून घ्या," ते म्हणाले. "गावाने ठराव केला म्हणून गाव जात नसतं. राज्याची हद्द ठरवायचा अधिकार संसदेचा. ग्रामपंचायतीचा नाही, जिल्ह्याचा नाही, मुंबईचाही नाही."

"मग आमच्या हातात काय हाय, गुरुजी?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.

गुरुजींनी थोडा विचार केला. "हात वर करणं," ते म्हणाले. "ते मात्र तुमच्याऐवजी कोणी करू शकत नाही."

मला ते बोलणं फार मास्तरी वाटलं. माझं लक्ष ठरावाच्या मजकुरावर होतं. मी लिहून आणलेला कागद ग्रामसेवकाला दिला. पूल होत नसेल तर गावाला शेजारच्या राज्यात जाऊ द्यावं, एवढाच. ग्रामसेवक घामाघूम झाला होता. "हे माझ्या अधिकारात बसत नाही," असं तो तीनदा म्हणाला. सरपंच त्याला म्हणाल्या, "लिहिणं बसतं का?" लिहिणं बसत होतं.

तेवढ्यात पायऱ्यांवरून अक्का बोलली. "पूल म्हणजी कसला पूल? ते बी घाला. पाच गाळ्यांचा. न्हायतर नवी फरशी घालतील आन म्हणतील, घ्या पूल."

ग्रामसेवकाने पाच गाळे घातले. हात वर झाले. सगळे नाहीत, त्या मेंढपाळबाबांनी काठीवरचा हात उचलला नाही. पण निम्म्याहून पुष्कळ जास्त झाले. मी पण वर केला. तेव्हा मला गंमत वाटली होती, कारण माझा हात उघड्यावर कधी काही ठरवत नाही.

बातमी दोन दिवसांत टीव्हीवर आली. गाव कसं दिसतं हे आम्ही प्रथमच टीव्हीवर पाहिलं. फरशीपेक्षा कुत्रीच जास्त दिसली. पुढच्या सोमवारी सोलापुरातून निरोप आला, पुलाचं काम ज्यांच्या हाती होतं त्या साहेबांनी बोलावलं आहे. हाक आली होती. मी सरपंच आणि गुरुजींना घेऊन गेलो.

साहेबांच्या खोलीत बातमीदारांची गर्दी होती, दोन कॅमेरे होते. साहेब चाळिशीचे, उन्हात रापलेले. बोलता बोलता कळलं की ते सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातले. लहानपणी बाजारात वडिलांबरोबर जात होते. ते कॅमेऱ्यासमोर म्हणाले, "अशा ठरावांना कायद्यात काही अर्थ नाही." मी म्हणालो, "मग आम्हाला चहाला कशाला बोलावलंत?" गुरुजी मला कोपराने ढोसत होते. साहेब हसले. कॅमेरे बंद होईनात. मी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली, खांद्यावरचा टॉवेल मांडीवर पसरला आणि हात पुढे केला. साहेबांनी एकदा टॉवेलाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी हात खाली घातला.

तेव्हाचा माझा आनंद मी लपवत नाही. ज्या सरकारने माझ्या वडिलांना काठावर थांबवलं, त्याची बोटं माझ्या हातात होती. मी पाचही बोटं धरली, म्हणजे पाच गाळे. त्यांनी एक बोट दाबलं. वर ते निधी आणि मंजुरी याबद्दल बोलत होते. मी वर ओरडलो, "आमच्या गावात माणसं राहतात की बगळे?" आणि खाली चार केले. त्यांनी दोन केले. मी टॉवेल उचलल्यासारखं केलं. त्यांनी माझी तीन बोटं धरली. एकावरून तीनवर आलेला माणूस. मी हात दाबला. निघताना दाराशी त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "ठराव मागे घ्या, मंजुरी येते." मी मान डोलावली.

परतताना गाडीत मी सरपंचांना आणि गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले, "सभेला विचारावं लागेल." मी म्हणालो, "विचारायचं काय, पूल मिळतोय." पाचवर बसून राहिलो असतो तर एकही मिळाला नसता, हे मला त्या क्षणी दिवसाइतकं स्पष्ट होतं. बाजारात पाच मागून तीन मिळवणाऱ्याचं नाव होतं.

पुन्हा ग्रामसभा भरली, त्याच लिंबाखाली. मी उभा राहिलो आणि सांगितलं, पूल मंजूर होतोय, तीन गाळ्यांचा, ठराव मागे घेऊ. टाळ्या पडतील अशी माझी अपेक्षा होती. थोड्या पडल्या, कुंपणाकडून. मग अक्का पायऱ्यांवरून उठली. तिने पदर खोचला, म्हणजे आता माझी खैर नव्हती.

"तीन कुणी ठरवलं, तम्मा?"

"मी आन साहेबांनी."

"कुटं?"

"टॉवेलाखाली."

हशा झाला. अक्का हसली नाही. "पाचाचं तीन झालं, मग ऱ्हायलेल्या दोघांचं पाणी कुटं जाईल? साहेबाच्या घरात?"

मी म्हणालो, "अगं, फरशीपेक्षा तीन बरे की."

"न्हाय बरे. फरशी बुटकी हाय, पाणी तिच्या डोक्यावरून जातं. पूल उंच बांधून दारं तीनच ठिवली, तर पुराबरोबर बाभळी येत्यात, उसाचं पाचट येतं, समदं त्या दारांत आडतं. मग पाणी मागं सरतं. मागं कोण ऱ्हातंय? आमची गल्ली. पाणी काय तुझी बोटं मोजून येतंय व्हय रं?"

पाच हा मागायचा आकडा नव्हता, लागायचा आकडा होता. हे बाजारात मेंढराच्या बाबतीत कधी होत नाही, आणि मी इतकी वर्षं मेंढरंच पाहिली. पण तेव्हा मला हे दिसलं नाही. तेव्हा मला फक्त माझी थोरली बहीण सगळ्या गावासमोर माझा सौदा मोडताना दिसली.

"हात दाबलाय मी!" मी ओरडलो. "माझा शब्द हाय. माझ्यामुळं हाक आली, न्हायतर बसला असता अजून वीस वर्षं अर्ज लिहीत. बाबांना मी आणलं वळसा घालून, तुमी न्हाय."

"बाबा माझं बी व्हतं," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तू हेडी हायस, तम्मा. लई चांगला हायस. पर शेळी हेड्याची असती का कधी? मालकाला इचारल्याबिगर हात दाबतोस का तू बाजारात?"

नाही दाबत. कोणीच दाबत नाही. मालक शेजारी उभा असतो, त्याच्या डोळ्याकडे बघून शेवटचा आकडा होतो. माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात मी एकदाही मालकाला न विचारता जनावर दिलं नाही. गाव मात्र दिलं.

मी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि निघालो. पटांगण ओलांडलं. फाटकाशी पोचलो. हाक आली नाही. आणि मी मान वळवली.

सगळी सभा माझ्याकडे पाहत होती. कोणी रागावलेलं नव्हतं. सरपंच रजिस्टर उघडत होत्या. त्या म्हणाल्या, "ठराव मागे घ्यायचा का? हात वर करा." मी फाटकात उभं राहून मोजले. सात. मेंढपाळबाबांचा त्यात होता, त्यांना मुळात जायचंच नव्हतं. बाकी सगळे हात खाली. मग सरपंचांनी दुसरा प्रश्न विचारला, साहेबांनी इथे येऊन सगळ्यांसमोर बोलावं का. तेव्हा हात वर झाले, मेंढपाळबाबांचासुद्धा.

मी अक्काच्या घरी जाऊन बसलो. दुसरं जायला ठिकाण नव्हतं, पाय आपोआप तिकडेच वळले. ती आली, चुलीवर चहा ठेवला. कप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "उद्या साहेबाला घिऊन ये."

"मी न्हाय जाणार. हात दाबून माघारी घ्यायचा? बाजारात तोंड कसं दाखवू?"

"मग नको जाऊ. सरपंचबाई जातील." ती भाकरीचं पीठ काढायला लागली. जरा वेळाने म्हणाली, "गेलास तर टॉवेल हितं ठिवून जा."

रात्रभर मला राग होता, सकाळीही होता. टॉवेल तिच्या खुंटीला अडकवला आणि गेलो.

साहेबांनी माझ्या रिकाम्या खांद्याकडे पाहिलं आणि ओळखलं. "हात दिला होता तुम्ही," ते म्हणाले.

"दिला व्हता. हात माझा व्हता, साहेब. गाव माझं नव्हतं."

मला वाटलं ते घालवून देतील. त्यांनी कागद बाजूला केला. "आमचे वडील असते तर तुमच्याशी पुन्हा बोलले नसते," ते म्हणाले. आणि मग, "कधी यायचं?"

ते गुरुवारी आले. अक्काने त्यांना शाळेत बसूच दिलं नाही, थेट आपल्या गल्लीत नेलं. आमच्या खालच्या गल्लीत एक रीत आहे. पुराचं पाणी घरात शिरलं की बाया त्याला माहेरवाशीण मानून ओटी भरतात. ते उतरल्यावर जिथवर आलं होतं तिथे भिंतीवर हळदीकुंकवाचं बोट लावतात, म्हणजे आली होतीस ते आम्हाला माहीत आहे, आता परत येऊ नको. अक्काच्या घराच्या दर्शनी भिंतीला ती बोटं लहानपणापासून मी बघत आलो. दर दिवाळीला भिंत सारवताना तेवढ्या जागा सोडून सारवतात. मी त्यांच्याकडे कधी आकडे म्हणून बघितलं नव्हतं.

साहेब भिंतीसमोर उभे राहिले. अक्का एकेका बोटावर हात ठेवून सांगत गेली. "हे माझ्या थोरलीच्या बारशाचं. हे तम्माच्या लग्नाच्या वर्साचं. हे खालचं, तवा पाइप साफ केलं व्हतं म्हणून. आन हे," तिचा हात खांद्याच्या वर गेला, "बाबा गेले तवाचं."

साहेबांनी बरोबरच्या माणसाला टेप आणायला सांगितली. सगळ्यात वरच्या बोटापासून उंबऱ्यापर्यंत मोजलं, मग ओढ्यापर्यंत जाऊन काय काय मोजलं, वहीत लिहिलं. गल्ली भरून माणसं उभी होती. ते वही मिटून म्हणाले, आणि मोठ्याने म्हणाले, "तीन चालणार नाहीत. पाचच लागतील. तीन केले तर ही गल्ली राहत नाही."

"लिवून देता?" अक्काने विचारलं.

"मंजुरी माझ्या एकट्याच्या हातात नाही, आजी."

"आमच्या बी कुणा एकट्याच्या हातात न्हाय," अक्का म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, हे मी लक्षात ठेवलं आहे.

त्यांनी जेवढं हातात होतं तेवढं लिहिलं, की पाहणी केली आणि पाच गाळे आवश्यक आहेत. सभेने त्याच संध्याकाळी आपल्या बाजूने लिहिलं, की शेवटच्या गाळ्यावर स्लॅब पडेल त्या दिवशी ठराव मागे घेऊ, एक दिवस आधी नाही. गुरुजींनी मजकूर तपासून दिला. ग्रामसेवक पुन्हा घामाघूम झाला, पण या वेळी त्याने तीनदा काही म्हटलं नाही.

मंजुरी यायला पाऊण वर्ष गेलं. कामाचा नारळ फोडला तेव्हा मला बोलावणं नव्हतं. नारळ भलत्याच एका पुढाऱ्याने फोडला, त्याने तोवर ओढा पाहिलेला नव्हता. मी अक्काला फोन करून बोललो जे बोलायचं ते. ती म्हणाली, "तू उठलास म्हणून हाक आली, हे मी कुणाला बी सांगीन. पर उठला व्हतास आमच्या पायानं." मी फोन ठेवून दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा लावला.

बाजारात माझा हात अजून चालतो. साहेबांची गोष्ट मात्र पसरली, आणि नवं गिऱ्हाईक आलं की कोणीतरी मुद्दाम विचारतं, "काय हेडी, मालकाला इचारलं का?" मी शिवी देतो. मग खरंच विचारतो.

या उन्हाळ्यात मी गावी गेलो. सोलापूरच्या बाजूने तीन गाळ्यांवर स्लॅब पडला आहे. पुढच्या दोन गाळ्यांचे खांब उभे आहेत, वर नुसत्या सळया. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, पावसाच्या आत उरकू. मी पिकअप तिसऱ्या गाळ्याच्या टोकापर्यंत नेली, तिथे उतरलो आणि कठड्याला टेकून उभा राहिलो. खाली ओढा कोरडा होता. पलीकडच्या काठावर अक्का घागर घेऊन उभी होती, मला बघून थांबली.

"आता तरी ठराव मागं घ्या की!" मी ओरडलो. "पूल तर दिसतोय!"

तिने घागर खाली ठेवली, हात वर केला आणि मला दोन बोटं दाखवली.